वळणापलीकडचा तडा

डॉक्टर मॅडमनी आब्बांच्या उजव्या नाकपुडीत एक बारीक नळी घातली आणि समोरच्या पडद्यावर आब्बांचं नाक आतनं दिसायला लागलं. आब्बांचे डोळे मिटलेले. अम्मी बाहेर बाकावर, तिला असलं बघवत नाही. बघत होते ती मी एकटी.

तंबोऱ्याचा वाळलेला भोपळा मी आतनं पुष्कळ वेळा बघितलाय. टॉर्च मारला की आत खोबणी, पापुद्रे, सावल्या दिसतात, आणि गळ्याकडे वळण आलं की पुढचं काहीच दिसत नाही. नाक आतनं तसंच निघालं, फक्त ओलं. नळी एका वळणावर गेली आणि तिथं राखाडी-लाल गोळा बसलेला. नळीचं टोक जरा लागलं तर त्यातनं रक्त यायला लागलं.

हे काय आहे म्हणून मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, तुकडा तपासायला पाठवू, मग सांगते. मी म्हटलं, तुम्हाला आत्ताच कळलंय, तोंडावर दिसतंय तुमच्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण चिडल्या नाहीत. मला त्याचाच राग आला.

तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. नववीतनं शाळा सोडून सहा महिने झालेले. म्हणजे वर्गात बाईंनी सगळ्यांसमोर माझ्या वहीवर हसून दाखवलं, मी डस्टर फेकला. डस्टर बाईंना लागला नाही, फळ्याला लागला, पण मी परत गेले नाही. घरात बसवत नव्हतं, शिवणाच्या क्लासला आठवडाभर गेले, तिथंही भांडले. आब्बांच्या दुकानात फक्त गिऱ्हाइकांना पाणी द्यायला जायची आणि सगळं बघत बसायची.

आमचं दुकान मिरजेत. आब्बा तंबोरे आणि सतारी करतात, दुरुस्त करतात. घरात आम्ही दखनी बोलतो, पण इथं सगळं मराठीतच सांगते.

आब्बांचं नाक वर्षभर चोंदलेलं होतं, एकाच बाजूनं. सर्दी म्हणून अम्मी वाफ देत होती. मग एक दिवस आब्बा विस्तवावर लाख वितळवत होते. लाख जरा जास्त तापली की घाण वास सुटतो, तेवढ्यात बाजूला घ्यायची असते. त्या दिवशी लाख काळी होऊन धूर निघाला आणि आब्बा तशीच धरून बसलेले. मी वरच्या खोलीतनं ओरडत खाली आले. त्यांना वासच आला नव्हता. तेव्हा कुठं दवाखाना झाला.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. डॉ. मगदूम मॅडम पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले, बोलणं इतकं सावकाश की मला त्यांचं वाक्य ओढून काढावंसं वाटायचं. त्यांनी आधी आब्बांना विचारलं, मक्बूलभाई, सगळं मुलीसमोर सांगू का. आब्बा म्हणाले, तिच्यासमोरच सांगा, घरात कागद तीच वाचते.

नाकातला कॅन्सर. फार कमी लोकांना होतो. लाकडाच्या बारीक भुशात आयुष्य काढलेल्यांना जरा जास्त होतो, त्यातही थोड्यांनाच. या दवाखान्यात दहा वर्षांत असे नाकातल्या गाठींचे तेवीस पेशंट आले. आब्बा चोविसावे.

ऑपरेशन दोन तऱ्हेनं करतात. एक दुर्बिणीचं, म्हणजे नाकपुडीतनंच नळ्या घालून गाठ काढायची, बाहेर एक टाकाही नाही. दुसरं उघडून. मॅडमनी आपल्याच चेहऱ्यावर बोट फिरवून दाखवलं, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकाच्या कडेनं खाली नाकपुडीपर्यंत. तिथं कापायचं, नाक बाजूला करायचं, वरचं हाड उचलायचं. "तुमच्यासाठी मी हे दुसरं सांगेन," त्या म्हणाल्या.

आब्बांनी खाली मान घातली. मी विचारलं, आत्तापर्यंत कुठल्यानं किती वाचले ते सांगा.

मॅडमनी कागद घेतला आणि लिहूनच दिलं. दुर्बिणीतनं चौदा, त्यातले बारा चांगले आहेत. उघडून नऊ, त्यातले चार.

मी कागद उचलला. हिशेब करायला मला शाळा लागत नव्हती.

"चौदातले बारा आणि नवातले चार. आणि आम्हाला तुम्ही ते नवातलं सांगताय?"

"त्या नऊ जणांचं..." मॅडम बोलायला लागल्या.

"त्या नऊ जणांचं कळलं आम्हाला," मी म्हटलं. "तुम्हाला दुर्बीण नीट येत नसेल तर तसं सांगा. माझ्या बापाचा चेहरा फाडून शिकू नका."

आब्बांनी माझा दंड धरला. मी सोडवून घेतला आणि बाहेर आले. खुर्ची पडली, ती उचलली नाही. आब्बा मागनं आले, मॅडमना काहीतरी बोलून आले असावेत. रिक्षात ते एवढंच म्हणाले, "बोलू द्यायचं होतंस." मी म्हटलं, काय बोलायचं राहिलं होतं.

मामूंनी पुण्यातला एक डॉक्टर शोधला. नाकाच्या स्कॅनच्या फोटोंची सीडी पाठवली. त्यांनी फोनवर सांगितलं की दुर्बिणीतनं प्रयत्न करता येईल, पण सगळं निघेल का ते आत गेल्यावरच कळेल. मामूंनी पहिलं अर्धं वाक्य मोठ्यानं सांगितलं आणि दुसरं हळू. आम्ही पण तसंच ऐकलं. पुढच्या गुरुवारची तारीख ठरली. अम्मीनं नवीन चादर, थर्मास असलं सगळं काढून ठेवलं.

आब्बांना दुर्बीणच पाहिजे होती आणि त्याचं कारण आमच्या धंद्यात होतं. तंबोऱ्याच्या भोपळ्याच्या तोंडावर पातळ लाकडाची फळी बसवलेली असते, तिला तबली म्हणतात. आवाज तिच्यातनं येतो. भोपळ्याला आतनं तडा गेला तर बाकीचे कारागीर तबली उचकटतात, तडा बुजवतात, परत चिकटवतात. आब्बा उचकटत नाहीत. खालच्या टोकाला तारा अडकवायचा तुकडा असतो, तो काढला की करंगळीएवढं भोक राहतं. त्यातनं ते वाकवलेली तार घालतात, तारेच्या टोकाला सरसात बुडवलेलं फडकं, आणि दुसऱ्या तारेला दाढीच्या आरशाचा नखाएवढा तुकडा. बारीक बल्ब आत सोडून, आरशात बघत बघत तडा भरतात. सांगलीपासून धारवाडपर्यंत लोकांना माहीत आहे, मक्बूल न उघडता करतो. चाळीस वर्षं ज्यानं लोकांना हे सांगितलं, तो स्वतःला उघडून कसा घेणार.

शनिवारी सकाळी टेंगशेबाई आल्या. गाणं शिकवायच्या, साठीच्या पुढं, दुकानात आल्या की स्वतःच पंख्याची दिशा बदलायच्या. रिक्षातनं तंबोरा उतरवला तो लहान पोराला उतरवावं तसा. आब्बांना काय झालंय ते त्यांना माहीत नव्हतं. नाकात कापूस बघून म्हणाल्या, एवढी सर्दी झालीय तर काढा घ्या की.

आब्बांनी खालचा तुकडा काढला, बल्ब सोडला, आरसा घातला. बराच वेळ बघितलं. मग आरसा बाहेर काढून पुसला.

"बाई, हा उघडायला लागतोय. तडा वळणापलीकडं गेलाय, गळ्यात. तार तिथं पोचत न्हाई."

"उघडायचा नाही," टेंगशेबाई म्हणाल्या. "मिरजेत दुकानं काय कमी आहेत? तुमच्याकडे येते ती न उघडता करता म्हणून. पोचेल तेवढं भरा."

आब्बांनी सांगितलं, पोचेल तेवढं भरलं तर वरनं छान दिसेल, पण राहिलेला तडा पुढं चालत राहतो. बाईंना ते पटेना. त्या बोटं मोजायला लागल्या. शिरगुप्प्यांचा तंबोरा उघडलात, नंतर तो ठोकळ्यासारखा झाला. देवळातला उघडलात, गेला. शाळेतली सतार उघडलीत, ती माळ्यावर पडलीय. "जे जे उघडलंत ते मुकं झालं, मक्बूलभाई. न उघडता केलेले सगळे गातायत. तीस वर्षं बघतेय मी. उगाच नाही बोलत."

मी कोपऱ्यात खुंट्या पुसत होते. आमच्या दुकानाला नावं ठेवलेली मला चालत नाहीत.

"शिरगुप्प्यांचा जीपच्या टपावरनं पडला होता, बाई," मी म्हटलं. "पोत्यात भरून आणलेला. देवळातला पुराच्या पाण्यात तीन दिवस होता. सतारीला तर कीड लागलेली, हात लावला की भुगा पडायचा. ते आले तेव्हाच मुके होते. बरे असतात त्यांना आम्ही उघडतच नाही. बरे असतात ते भोकातनं करायचे, मरायला टेकलेले उघडायचे, आणि मग तुम्ही मोजणार की कुठल्यातले किती गा..."

हातातली खुंटी मी खाली ठेवली.

टेंगशेबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं असेल, उद्धटपणा केला म्हणून ओशाळले. मी आब्बांकडे बघितलं. आब्बा आधीच माझ्याकडे बघत होते. हातात आरशाचा तुकडा तसाच, त्यातला उजेडाचा ठिपका भिंतीवर हलत होता.

फडताळात चहाच्या डब्याखाली मी तो कागद ठेवला होता. चौदातले बारा, नवातले चार.

बाई पदरानं तंबोऱ्याची दांडी पुसत म्हणाल्या, "बरं, उघडा. पण मी इथं असताना नको." आणि गेल्या. जाताना पंखा परत होता तसा केला.

दुकानात आम्ही दोघंच. मला वाटलं आब्बा काहीतरी बोलतील. त्यांनी विस्तव विझवला, टोपी घातली आणि म्हणाले, "त्या मॅडम शनिवारी किती वाजेपर्यंत असतात?"

दवाखान्यात गेलो तर मॅडम डबा खात होत्या. त्यांनी झाकण लावलं. मला सॉरी म्हणायचं होतं, ते मला पटकन येत नाही, अजून येत नाही. मी म्हटलं, "त्या नऊ जणांचं तुम्ही काय सांगणार होता?"

त्यांनी त्या दिवशीचं काही काढलं नाही. ती खुर्ची दाखवली, बस म्हणाल्या, आणि जिथं तोडलं होतं तिथनं सांगायला लागल्या. नऊमधले सहा जण आले तेव्हाच गाठ डोळ्यात नाहीतर मेंदूच्या पडद्यापर्यंत गेली होती. दोघांचं आधी दुसरीकडं अर्धवट ऑपरेशन झालेलं, गाठ परत आलेली. आणि दुर्बिणीतले चौदा, त्यातल्या बऱ्याच जणांची गाठ वाटाण्याएवढी, चिंचोक्याएवढी, नाकाच्या मधोमध.

"मग हे आकडे कशाला लिहून दिलेत?" मी विचारलं. आवाज परत चढला होता.

"तू विचारलेस म्हणून. आणि खरे आहेत म्हणून." मग म्हणाल्या, एकाच मापाची गाठ असलेले पुष्कळ लोक घेऊन निम्म्यांना असं आणि निम्म्यांना तसं केलं असतं, तर कुठलं चांगलं ते सांगता आलं असतं. पण एवढे पेशंट कुठल्याच एका दवाखान्यात येत नाहीत. मोठमोठ्या ठिकाणचे एकत्र केले तरी घोळ तोच, सोप्या गाठी दुर्बिणीकडे जातात, अवघड उघडण्याकडे. गाठ लहान असेल तर दुर्बीण चांगलीच. मी स्वतः करते. पेशंट चार दिवसांत घरी जातो, व्रण नाही, काही नाही.

आब्बा पुढं सरकले आणि उजेडाच्या काचेवर लावलेल्या फोटोवर बोट ठेवलं.

"मॅडम, मला एवढंच सांगा. ह्यात वळण कुठं हाय? तुमची नळी कुठनं पुढं पोचत न्हाई?"

मॅडमनी पेन उलटं धरलं. भुवईच्या वर, कपाळाच्या हाडात एक पोकळी दाखवली, तिच्या बाहेरच्या कोपऱ्यात राखाडी डाग होता. मग नाकाचं हाड, डोळ्याच्या कोपऱ्याजवळ, तिथं हाडाची पांढरी रेघ मधेच तुटली होती. "इथं आणि इथं," त्या म्हणाल्या. "इथं नळीला कोन मिळत नाही. आणि इथं गाठ हाड खाऊन कातडीला टेकलीय. आतनं ओढली तर थोडी राहील. थोडी राहिली तर..."

"पुढं चालत जाती," आब्बा म्हणाले.

"हो."

"उघडलं तर मी बरा होईन?"

"ते मी सांगू शकत नाही, मक्बूलभाई. डोळ्याची आतली भिंत काढावी लागेल, डोळा वाचवायचा प्रयत्न करू. उरलासुरला वासही बहुतेक जाईल. नंतर सहा आठवडे रेडिएशनचा शेक घ्यायचा. पण गाठीपर्यंत पोचता येईल, एवढं सांगते."

आब्बा हसले. रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदा. "गिऱ्हाइकाला आम्ही पण तेवढंच सांगतो," ते म्हणाले. "मग उघडा."

घरी मामू खूप बोलले. पुण्याची तारीख मोडली म्हणून, पोरीचं ऐकून बाप चेहरा कापून घेतोय म्हणून. अम्मी रडली. आब्बांनी कुणाला समजावलं नाही. बुधवारी ॲडमिट व्हायचं होतं, मंगळवारी सकाळी त्यांनी टेंगशेबाईंचा तंबोरा काढला आणि मला हाक मारली.

तबली कशी उचलतात ते मी लांबनं बघितलं होतं. त्या दिवशी त्यांनी सुरी माझ्या हातात दिली. कडेला गरम पाण्याचं फडकं धरायचं, सरस मऊ होईपर्यंत थांबायचं. थांबणं मला जमत नाही. दोनदा घाई केली, दोनदा त्यांनी मनगट धरलं. तिसऱ्यांदा फळी आपणच सुटल्यासारखी वर आली.

तबलीच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहिलेलं होतं. आमच्यात ही रीत आहे. ज्यानं वाद्य केलं तो आतनं नाव आणि तारीख लिहितो, आणि ज्यानं उघडलं तोही लिहितो. बाहेर कधी दिसत नाही. फक्त पुढं उघडणाऱ्याला दिसतं. तिथं माझ्या दादामियाँचं, आब्बांच्या वडलांचं, नाव होतं, आब्बांच्या जन्माच्याही आधीची तारीख.

तडा गळ्यात वीतभर गेलेला. आब्बांनी तो भरला, पट्टी बसवली. दुपारी तबली लावायच्या आधी त्यांनी पेन्सिल घेतली आणि माझ्याकडं पाठ करून काहीतरी लिहिलं. मी बघायला गेले तर म्हणाले, चहा टाक.

ऑपरेशनला सात तास लागले. डोळा वाचला. व्रण डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकपुडीपर्यंत आहे, पहिल्या वर्षी जांभळा होता, आता पांढरी रेघ आहे. उजव्या डोळ्यातनं सारखं पाणी येतं. वास पूर्ण गेला. घरी आल्यावर महिन्याभरानं त्यांनी विस्तव पेटवला, लाख धरली आणि मला बाजूला बसवलं. "जळायला लागली की सांग." तेव्हापासून मी रोज तिथं बसते. आधी नुसतं नाक म्हणून, मग हातही चालायला लागला. भुशाच्या वेळेला तोंडाला जाड फडकं बांधतो, दोघंही. मॅडमची सक्त ताकीद आहे. आब्बा सारखे खाली ओढतात आणि मी भांडते.

आता मी एकोणीस वर्षांची आहे. दर सहा महिन्यांनी मॅडम नळी घालून बघतात. पडद्यावर सगळं गुळगुळीत, रिकामं दिसतं. पाच वर्षं काढली की आब्बांना 'चांगले आहेत' मध्ये धरणार. अजून एक वर्ष आहे. तो कागद मी फेकला नाही. पाठीमागे मी लिहून ठेवलंय, नऊमधल्या कुणाची गाठ कुठं गेली होती ते, मॅडमना परत परत विचारून. दहाव्या ओळीत आब्बा आहेत, त्यांच्यापुढची जागा कोरी आहे.

टेंगशेबाई गेल्या थंडीत वारल्या. त्यांचा तंबोरा शेवटपर्यंत वाजत होता, पहिल्यापेक्षा जरा खालच्या गळ्यानं, असं त्याच म्हणायच्या. मागच्या महिन्यात त्यांची भाची तो घेऊन आली. घर बदलताना तबलीवर कपाट टेकलं, फळी दबलीय. आरशानं बघून काही उपयोग नव्हता. आब्बा म्हणाले, तूच कर.

मी कडेनं फडकं धरलं आणि थांबले. तबली सुटली. मी ती उलटी केली.

दादामियाँच्या नावाखाली आब्बांचं अक्षर होतं. मंगळवारची तारीख, आणि खाली, 'उघडला. तडा वळणापलीकडं होता. पोचलो. मक्बूल.' आणि मग बारीक, कोपऱ्यात, 'उद्या माझी पाळी.'

आब्बांना उजव्या डोळ्यानं बारीक दिसत नाही. "काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. ते ऐकत नाकाच्या कडेनं बोट फिरवत होते, त्यांना तशी सवय लागलीय.

"पोचलो, असं लिहिलंय?"

"होय."

"मग ठीक हाय. तू पण लिही खाली. ज्यानं उघडलं त्यानं लिहायचं."

मी पेन्सिल घेतली. तारीख लिहिली, तस्लीम लिहिलं. तरी जागा उरली होती. पुढं कधीतरी कुणीतरी हा उघडेल, तेव्हा त्याला कळावं म्हणून आणखी एक ओळ लिहिली: आब्बा शेजारीच बसलेत.